शाळेची तपासणी आणि मुलांचं शिकणं: गोव्यातल्या पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे पालक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. काही पालक-शिक्षक संघाची सभा संपल्यावर फाटकापाशी थांबून विचारलेले असतात, काही रात्री उशिरा व्हॉट्सअपवर येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. शाळेचा दर्जा तपासतात म्हणजे नेमकं काय बघतात?

शाळेत काय आहे, शाळेत काय चालतं आणि मुलांना काय येतं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, शिक्षकांची संख्या ही माहिती दरवर्षी यूडायस प्लस या राष्ट्रीय नोंदणीत भरली जाते. त्यासाठी प्रत्येक शाळेला ११ आकडी क्रमांक असतो आणि गोव्यातल्या शाळांचा क्रमांक ३० ने सुरू होतो. शिकवणं कसं चालतं हे बघायला वर्गात तास-दीड तास बसावं लागतं. मुलांना काय येतं हे कळायला तर एकेका मुलाला जवळ घेऊन वाचायला लावावं लागतं.

मोजायला सगळ्यात सोपी पहिली गोष्ट, म्हणून मोजमाप जास्त तिचंच होतं. शाळेला नवे बाक आले, रंग लागला, संगणक आले, याचा आनंद मलाही होतो. पण तिसरीतल्या मुलाला वाचता येतं का, हा प्रश्न त्यानंतरही तसाच उभा राहतो.

२. गोव्यात शाळा तपासायला कोण येतं?

सरकारी प्राथमिक शाळेत भागशिक्षणाधिकारी येतात. शिक्षण खात्याचे तीन विभाग आहेत: उत्तरेचा म्हापशाला, मध्य विभाग पणजीला आणि दक्षिणेचा मडगावला. कायद्याचा आधार १९८४ चा गोवा, दमण व दीव शालेय शिक्षण कायदा आणि त्याखालचे १९८६ चे नियम. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि अभ्यासक्रमाचं काम पर्वरीला एससीईआरटी (राज्याची शिक्षण संस्था) आणि डाएटकडे (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था) असतं. दहावी-बारावीची परीक्षा १९७५ साली स्थापन झालेलं गोवा शालान्त मंडळ घेतं.

यात एक नाव नेहमी राहून जातं, ते शाळा व्यवस्थापन समितीचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं आणि विकास आराखडा करणं हे तिचं कायद्याने दिलेलं काम आहे. सभेला जाऊन सही करून परतणाऱ्या पालकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत ही समिती वेगळी चालते, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

३. तपासणी झाली की मुलांचे गुण वाढतात का?

नुसत्या तपासणीने वाढत नाहीत. हे अंदाजाने म्हणत नाही. आपल्याच देशात यावर नीट अभ्यास झाले आहेत.

मध्य प्रदेशात हजारो सरकारी शाळांचं सविस्तर मूल्यमापन करण्यात आलं. प्रत्येक शाळेला तिचं प्रगतिपुस्तक दिलं, सुधारणेचा आराखडा लिहून घेतला आणि पुढे पाठपुरावा व्हायचा असं ठरलं. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह या अर्थशास्त्रज्ञांनी ज्या शाळांत हे झालं आणि ज्या शाळांत झालं नाही, त्यांची तुलना केली. कागद जवळजवळ सगळ्या शाळांनी पूर्ण केले होते. पण शिकवण्याची पद्धत, शिक्षकांची हजेरी आणि मुलांचं शिकणं यांत फरक पडला नाही. तरीही ती पद्धत चांगली समजून पुढे देशभरातल्या लाखो शाळांत नेली गेली. २०१५ मध्ये सुरू झालेला ‘शाळासिद्धी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम याच धर्तीचा, सात क्षेत्रांत शाळेने स्वतःला तपासण्याचा. आपल्या शाळेतही त्याचे तक्ते भरले जातात.

दुसरा अभ्यास राजस्थानातल्या उदयपूर भागातला. एका स्वयंसेवी संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षकांनी रोज शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांसोबत फोटो काढायचा, फोटोवर तारीख-वेळ उमटायची आणि पगार त्या हजेरीवर ठरायचा. शिक्षकांची गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांच्या चाचणीतले गुणही वाढले. म्हणजे देखरेखीने फरक पडू शकतो, पण तिचा परिणाम कुठेतरी पोचावा लागतो. तिथे तो हजेरीपर्यंत आणि पगारापर्यंत पोचत होता.

देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांवरच्या आणखी एका मोठ्या पाहणीत, ज्या शाळांना अधिकाऱ्यांच्या भेटी अलीकडे झाल्या होत्या तिथे शिक्षकांची गैरहजेरी कमी दिसली. भेटीला अर्थ आहे, तो नाकारण्याचं कारण नाही. मात्र शिक्षक वर्गात हजर असणं हा पाया झाला. त्यावर काय उभं राहतं ते पुढच्या उत्तरात.

४. मग कसली तपासणी उपयोगाची?

जिच्यानंतर त्याच वर्गात कुणीतरी परत येतं, ती.

शाळेतलं भेटीचं शेरेबुक मिळालं तर मागची चार-पाच वर्षं चाळून बघा. ‘वाचनाकडे विशेष लक्ष द्यावे’, ‘अप्रगत विद्यार्थ्यांसाठी जादा तास घ्यावेत’, ‘अध्यापन समाधानकारक’. तेच शेरे, निराळ्या शाईत. खाली सही, शिक्का, तारीख. कोणती मुलं वाचनात मागे आहेत, ती अक्षरांवर अडतात की जोडाक्षरांवर, जादा तासात त्यांना काय द्यायचं आणि पुढच्या महिन्यात ते कोण बघणार, यातलं एकही अक्षर तिथे सापडत नाही. शिक्षकांचाही इलाज नसतो. ‘विशेष लक्ष द्या’ असं सांगून लक्ष कसं द्यायचं ते कळत नाही.

उपयोगी शेरा साधा असतो: ‘चौथीतल्या सहा मुलांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत. रोज पहिल्या तासाला वीस मिनिटं वेगळा गट करावा. पुढच्या भेटीत याच सहा मुलांचं वाचन ऐकेन.’ असा शेरा लिहिणारे अधिकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या भेटीची शिक्षक वाट बघतात. एका अधिकाऱ्याकडे शाळा खूप आणि कार्यालयातली कागदपत्रं त्याहून जास्त, हे खरं आहे. म्हणूनच त्यांच्याकडून कमी तक्ते आणि जास्त वर्ग मागायला हवेत.

मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना जे येतं त्याप्रमाणे गट करून दिवसाचा थोडा वेळ वाचन-गणित घेण्याची पद्धत ‘प्रथम’ या संस्थेने रुजवली. तिची वारंवार पारख झाली आहे आणि जिथे ती मनापासून राबवली तिथे मुलं पुढे गेली आहेत. तिची सुरुवातही तपासणीनेच होते, फक्त ती शाळेची नसून एकेका मुलाची असते.

५. माझं मूल नेमकं कुठे आहे, ते घरी कसं ओळखू?

मोठ्याने वाचायला लावा, पण पाठ्यपुस्तकातलं नको. तिसरीतली एक मुलगी पुस्तकातला धडा घडाघडा म्हणत होती, आई खूश होती. तिच्यासमोर त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी ठेवली, तर ‘पंचायतीच्या’ या शब्दावर बोट थांबलं आणि तिथून पुढे सरकेना. धडा तिला पाठ होता, वाचता येत नव्हता. वर्गात चाळीस मुलांनी एका सुरात धडा म्हटला की हे शिक्षकांच्याही लक्षात येत नाही.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्ट असं, की तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत. दुसरीसाठी ४५ ते ६०. मोबाइलवर मिनिट लावा, अनोळखी उतारा द्या, मग त्यावर दोन प्रश्न विचारा. शब्द थोडे कमी भरले आणि उत्तरं बरोबर आली तर घाबरू नका. वेग आहे आणि अर्थ लागत नाही, असं असेल तर मात्र शिक्षकांना भेटा. गणितासाठी दुकानात शंभराची नोट देऊन ६३ रुपयांचं सामान आणायला सांगा आणि किती परत यायला हवेत ते दुकानदाराच्या आधी विचारा.

६. राष्ट्रीय पाहणीत आमच्या शाळेचा क्रमांक कितवा?

तसा क्रमांक नसतो. १२ नोव्हेंबर २०२१ ची राष्ट्रीय संपादणूक पाहणी आणि ४ डिसेंबर २०२४ चं परख राष्ट्रीय सर्वेक्षण या दोन्ही नमुना पाहण्या होत्या. काही शाळा आणि त्यातली काही मुलं निवडून राज्याचं आणि जिल्ह्याचं चित्र काढलं जातं. २०२१ मध्ये तिसरी, पाचवी, आठवी, दहावी हे वर्ग होते. २०२४ मध्ये तिसरी, सहावी, नववी. वर्ग वेगळे असल्यामुळे ‘गोवा इतक्याने वर गेला’ किंवा ‘खाली आला’ अशा बातम्या जपून वाचाव्यात.

तुमच्या मुलाला या पाहणीत गुण मिळत नाहीत आणि नापासही होत नाही. त्यामुळे पाहणीआधी महिनाभर उत्तरपत्रिकेवर गोल रंगवण्याचा सराव चालला असेल तर तो वेळ मुलांचाच जातो. पाहणीच्या दिवशी काही मुलांना घरी थांबायला सांगितलं जातं, त्याविषयी प्रश्न १४ पाहा.

७. दहावीचा निकाल १०० टक्के लागतो, म्हणजे शाळा चांगलीच ना?

असेलही, पण निकालावरून ते सिद्ध होत नाही. गोवा शालान्त मंडळाचा दहावीचा निकाल हल्ली ९० टक्क्यांच्या वरच असतो. जिथे बहुतेक सगळे पास होतात तिथे पास होणाऱ्यांच्या टक्केवारीवरून शाळाशाळांतला फरक कळत नाही. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के पुरतात.

शाळा निवडताना हे विचारा: आठवीत किती मुलं होती आणि दहावीला किती बसली? मधली कुठे गेली? गणित आणि विज्ञानात ६० टक्क्यांवर किती? शाळेने स्वतः दिलेले अंतर्गत गुण आणि मंडळाच्या लेखी परीक्षेतले गुण यांत अंतर किती? ज्या शाळेत अंतर्गत गुण सगळ्यांना भरभरून आणि लेखी गुण काठावर, तिथे वर्षभराच्या मूल्यमापनावर विश्वास ठेवू नये. आणखी एक: प्रवेशाच्या वेळीच हुशार मुलं वेचून घेणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागण्यात नवल नाही. धारबांदोड्यातल्या एखाद्या शाळेने जेमतेम वाचणारी मुलं पाचवीत घेतली आणि दहावीला त्यांना ५५ टक्क्यांपर्यंत आणलं, तर तिचं काम मला मोठं वाटतं. ते कुठल्याच यादीत दिसत नाही.

८. शाळा म्हणते, ‘नववीत नापास करू, त्यापेक्षा दाखला घेऊन जा’. चालतं का?

आठवीपर्यंत चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याखाली प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण त्याआधी जादा शिकवणं आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यावीच लागते, आणि मागे ठेवलं तरी काढून टाकता येत नाही.

नववी या कायद्याच्या बाहेर आहे, आणि दाखल्याचा आग्रह धरला जातो तो नेमका तिथेच, कारण पुढच्या वर्षी मंडळाची परीक्षा असते. तोंडी सांगण्यावर दाखला घेऊ नका. जे सांगायचं ते लेखी द्या म्हणा आणि त्याची प्रत विभागीय शिक्षण कार्यालयात न्या. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावरच विषय संपतो.

९. मराठी शाळेत चौथीपर्यंत पहिला येणारा मुलगा पाचवीत इंग्रजी माध्यमात गेला आणि घसरला. मराठी शाळेचा दर्जा कमी होता का?

सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा, सगळीकडून हा प्रश्न येतो, आणि विचारताना आईचा आवाज अपराधी असतो. म्हणून आधी तेच सांगतो: मुलाला मराठी शाळेत घालून तुमचं काही चुकलेलं नाही. मुलाच्या भाषेतलं शिक्षण किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत असावं, असं २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही म्हणतं.

आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा बहुतांश मराठी आणि काही कोकणी, तर माध्यमिक शाळा बहुतेक सगळ्या इंग्रजी. चौथी ते पाचवी या एका सुट्टीत मुलाची शिकण्याची भाषाच बदलते. ‘एका टोपलीत २४ आंबे, त्यातले पाव भाग पिकले’ हे गणित तो मराठीत तोंडी सोडवतो. तेच इंग्रजीत छापलेलं समोर आलं की पान कोरं राहतं, आणि प्रगतिपुस्तकात ‘गणितात कच्चा’ असं उमटतं. त्याचं गणित कच्चं नसतं.

तपासणी इथे दोन्ही बाजूंची व्हायला हवी. चौथीपर्यंत इंग्रजी हा विषय खरोखर शिकवला गेला का, की शब्दांचे अर्थ फक्त पाठ करून घेतले? आणि पाचवीच्या शाळेने पहिले तीन-चार महिने या मुलांसाठी काही वेगळं केलं का? दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. तो तुम्ही पालक-शिक्षक संघात विचारा: मराठी-कोकणी शाळांतून आलेल्या मुलांसाठी जूनमध्ये कोणता वर्ग घेता? गणित-विज्ञानाचे शिक्षक सुरुवातीला मुलांना मराठीत उत्तर देऊ देतात का? ज्या शाळा देऊ देतात तिथली मुलं सहावीपर्यंत सावरलेली मी पाहिली आहेत.

१०. आमच्या वाड्यावरच्या शाळेत एकच बाई चार वर्ग सांभाळतात. अशा ठिकाणी दर्जाची अपेक्षा करायची का?

करायची, आणि दुसऱ्या शिक्षकांची मागणीही करायची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत. बारा मुलं आहेत म्हणून एक पुरे, असं कायदा म्हणत नाही. एकट्या बाई रजेवर गेल्या, बैठकीला गेल्या की शाळा बंद, ही त्यांच्या दर्जाची गोष्ट नाही.

लहान पटाचा एक फायदाही आहे, तो दवडू नये. बारा मुलांचं वाचन बाई आठवड्यातून दोनदा ऐकू शकतात. पन्नासांच्या वर्गात ते स्वप्न आहे. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करायचा प्रस्ताव आला तर अंतर, पावसाळ्यातली वाट आणि बालरथ (मुलांना ने-आण करणारी बस) वाड्यापर्यंत येणार का, हे आधी लेखी घ्या.

११. सहावीपासूनचे वर्ग आता एप्रिलमध्येच सुरू होतात. दिवस वाढले म्हणजे दर्जा वाढला का?

२०२५ पासून हा बदल झाला. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास शिकवणं सांगितलं आहे. दिवस वाढल्याने फायदा होतो तो त्या दिवसांत शिकवलं तरच. एप्रिलच्या उकाड्यातले तास मागच्या वर्षाचं राहिलेलं भरून काढायला वापरले, तर मुलांना खूप उपयोग होईल.

शिक्षकांना दुसऱ्या कामांना जुंपण्याबद्दलही विचारलं जातं: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर बिगरशैक्षणिक कामं त्यांना देता येत नाहीत. हे त्याच कायद्याचं कलम २७.

१२. आमची शाळा अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थेची आहे. हे सगळं तिला लागू आहे का?

सगळं नाही. अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीची भूमिका फक्त सल्ला देण्याची असते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्यावर शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. म्हणजे यात बदल होऊ शकतो, बातमीवर लक्ष ठेवा.

पण १९८४ चा गोव्याचा शालेय कायदा आणि शालान्त मंडळाचे नियम अशा शाळांना आहेतच, आणि सरकारी अनुदानाबरोबर खात्याची तपासणीही येते. ‘आम्हाला कुणी विचारू शकत नाही’ असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

१३. तपासणीचा अहवाल पालकाला बघायला मिळतो का?

आधी मुख्याध्यापकांकडे सरळ मागा. पुष्कळ जण दाखवतात. नाही मिळाला तर माहिती हक्क कायद्याखाली शिक्षण खात्यात अर्ज करा, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. ‘शाळेबद्दल सर्व माहिती’ असं मागू नका. ‘अमुक वर्षातल्या भेटींचे शेरे आणि त्यावर शाळेने केलेल्या कार्यवाहीच्या नोंदी’ असं नेमकं लिहा. अर्जाचा दुसरा भाग महत्त्वाचा. तिथे काहीच नसेल तर प्रश्न ४ मधलं सगळं तुमच्या हातात लेखी येतं.

बोर्डाच्या परीक्षेची स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे.

१४. माझी मुलगी हळू शिकते. पाहणीच्या दिवशी ‘आज पाठवू नका’ असा शाळेतून फोन आला. काय करू?

पाठवा. तिला बाहेर ठेवून आलेला आकडा शाळेचा नसतो, आणि तिच्या नावाने मिळायची ती मदत त्या दिवशीच बुडते.

असं का होतं, ते समजून घ्या. एखाद्या आकड्यावर फार काही ठरायला लागलं की माणसं काम सुधारण्याऐवजी आकडा सुधारायला लागतात, असं डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलं होतं. फोन करणाऱ्या शिक्षकांवरही वरून दबाव असतो. तरी मुलीचा हक्क त्याने कमी होत नाही. तिला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला इतर मुलांबरोबर शिकण्याचा आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींचा अधिकार आहे. प्रमाणपत्र नसेल आणि शंका असेल तर शाळेमार्फत समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांकडून तपासून घ्या.

फोनवर वाद घालू नका. ‘आज मुलीला शाळेत न पाठवण्याविषयी आपण सकाळी फोनवर कळवलंत, कारण कृपया लेखी द्यावं’ असा एका ओळीचा निरोप मुख्याध्यापकांना पाठवा आणि मुलीला नेहमीच्या वेळी शाळेत सोडा.